गाठीला माफी, शर्टाला जकात

मंडळी, आज जरा रागातच लिहितो आहे. ज्यांना माझे जुन्या शाळेच्या आठवणींचे लेख आवडतात त्यांनी आजच्यापुरते सांभाळून घ्यावे.

विषय आहे परदेशी कापसावरच्या आयात शुल्काचा. हा शब्द वाचूनच आमची पुण्या-मुंबईची नातेवाईक मंडळी कंटाळतील हे ठाऊक आहे. पण थांबा, फार अवघड नाही. आमच्या वऱ्हाडातल्या पऱ्हाटीचा आणि तुमच्या अंगावरच्या शर्टाचा हा प्रश्न आहे, आणि बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणालाही कळण्यासारखा आहे.

आधी तारखा सांगतो, कारण माझा सगळा राग तारखांवरच आहे. २८ मे २०२५ ला केंद्र सरकारने खरिपाचे हमीभाव जाहीर केले. मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला ७७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८११० रुपये, आदल्या वर्षीपेक्षा ५८९ रुपये जास्त. त्या दिवशी बाहेरून येणाऱ्या कापसावर ११ टक्के शुल्क होते. हे दोन आकडे ऐकून आमच्या भागातल्या माणसाने जूनमध्ये सरकी लावली. बियाण्याची पाकिटे, खत, डवरणी, निंदण, फवारणी... जून-जुलै त्यात गेले. पऱ्हाटीला पात्या धरल्या, फुले लागली. आणि १९ ऑगस्ट २०२५ पासून, म्हणजे पोळ्याला तीन दिवस असताना, ते ११ टक्के शून्य झाले.

पहिल्यांदा सांगितले की ही सूट ३० सप्टेंबरपर्यंतच. तेव्हा काही शहाणे म्हणालेही, की सप्टेंबरात आपला कापूस बाजारात येतोच कुठे? मग बिघडले काय? गणपती बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्टला, मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत नेली. आता बघा, त्यात काय काय आले. दसरा आला, दिवाळी आली, पहिली वेचणी आली, दुसरीही आली. ज्याच्या घरात कापूस साठवायला वेगळी खोली नाही, ज्याच्या डोक्यावर कृषी केंद्राची उधारी आहे, ज्याला वेचणीची मजुरी रोख द्यायची आहे, तो ह्याच दिवसांत विकतो. मग १ जानेवारीनंतरचे शुल्क कोणाच्या कामाचे? ज्याच्याकडे तोवर कापूस शिल्लक असेल त्याच्या. तो शेतकरी किती वेळा असतो आणि व्यापारी किती वेळा, हे बडनेऱ्याच्या स्टेशनावर उभा असलेला हमालही सांगेल.

माझा एक जुना विद्यार्थी शेती करतो. तो एका वाक्यात बोलला : "सर, आमाले समोरून भाव देल्ला अन् मांगचं दार उघडून देल्लं." मी मराठी शिकवण्यात आयुष्य घालवले, पण मला इतके नेमके लिहिता येणार नाही.

तर माझे म्हणणे असे. शुल्क ५ टक्के असावे की ११ की शून्य, यावर अर्थशास्त्राच्या विद्वानांनी खुशाल भांडावे. मी साधा बी.ए. झालेला मास्तर आहे. पण जो आकडा पेरणीच्या आधी सांगितला, तो शेवटची वेचणी होईपर्यंत बदलायचा नाही. हमीभाव पेरणीआधी जाहीर करता ना? मग शुल्क का नाही? शेताचा बांध घालायचा तर उन्हाळ्यात घालतात, काढायचा तर उन्हाळ्यात काढतात. पीक उभे असताना भर पावसाळ्यात बांध फोडला तर त्याला धोरण म्हणत नाहीत, त्यावरून भावकीत पोलीस केस होते.

पुण्याचा पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, पण स्वस्त कापूस आला तर कापड स्वस्त होईल की. तुमचा शेतकरीसुद्धा शर्ट विकतच घेतो ना?" प्रश्न वाजवी आहे म्हणून पाटी-पेन्सिल घेऊन बसलो.

रुईचा भाव खंडीवर चालतो. खंडी म्हणजे ३५६ किलो. ऑगस्ट २०२५ मध्ये खंडीचा भाव ५६-५७ हजारांच्या आसपास होता, म्हणजे रुईचा किलो साधारण १६० रुपये. एका शर्टाला पाव किलो रुई धरा, चाळीस रुपयांची झाली. त्याच्या ११ टक्के म्हणजे साडेचार रुपये. हे साडेचार रुपये गिरणी, विणकर, शिलाई, ठोक व्यापारी, मॉल असे सगळे टप्पे ओलांडून पुतण्याच्या खिशापर्यंत पूर्णच्या पूर्ण आले असे मानले, तरी आठशे रुपयांचा शर्ट त्याला ७९५ ला मिळेल. आणि ते येत नाहीत हे आपण सगळे जाणतो. २०२२ मध्येही काही महिने शुल्क काढले होते. तेव्हा कोणाची बनियन स्वस्त झाली असेल तर मला जरूर कळवा.

आता हीच पाटी शेतकऱ्याच्या बाजूने लिहू. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये पिंजला की ३४ किलोच्या आसपास रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. ३४ किलो रुईचे १६० रुपयांनी झाले ५४४० रुपये. त्याच्यावरचा ११ टक्क्यांचा बांध म्हणजे क्विंटलमागे साडेपाचशे-सहाशे रुपये. मे महिन्यात वाढवून दिलेले ५८९ रुपये आठवा! सगळा बांध एका दिवसात वाहून गेला असे मी म्हणत नाही. पण सूट जाहीर होताच भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, दोन दिवसांत आपल्या रुईचा विक्रीभाव खंडीमागे हजार-अकराशे रुपयांनी उतरवला. ते क्विंटल कापसावर आणले तर शंभर रुपये होतात, आणि तेव्हा आपल्याकडे एक बोंडही फुटलेले नव्हते. पुढे हंगामात खुल्या बाजारात भाव सात हजारांच्या आसपास घुटमळत राहिला, हमीभावाच्या खालीच.

"पण सीसीआय हमीभावाने घेतेच ना?" हेही पुतण्याचेच. घेते. त्यासाठी त्या वर्षी मोबाईलवर 'कपास किसान' नावाच्या ॲपमध्ये नोंदणी करायची होती. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापतात, १२ च्या वर गेला की गाडी परत. दिवाळीच्या आधीच्या वेचणीचा कापूस दवात भिजलेला असतो, परतीचा पाऊस झाला तर विचारूच नका. म्हणजे पैशाची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाचा कापूसच हमीभावात बसणे कठीण. तो मग खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो.

हे काही आजच्याच सरकारचे आहे असे समजून कोणी टाळ्या वाजवू नयेत आणि कोणी रागावूही नये. जुलै २००८ मध्ये कापसावरचे आयात शुल्क काढले ते वेगळ्या पक्षाच्या सरकारने. त्याच सरकारने एप्रिल २०१० मध्ये निर्यात थांबवली, आणि ५ मार्च २०१२ ला पुन्हा एकदा निर्यातबंदी केली. तेव्हा बाहेर भाव चांगला होता म्हणून माल बाहेर जात होता, तर दार लावून घेतले. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात शुल्क पुन्हा बसले : पाच टक्के मूळ शुल्क, पाच टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि त्यावर अधिभार मिळून ११. पुढच्याच हंगामात भाव दहा हजारांच्या वर गेला, अकोटच्या बाजाराच्या बातम्या आम्ही क्रिकेटच्या धावांसारख्या वाचत होतो. लगेच १४ एप्रिल २०२२ पासून शुल्क माफ! थोडक्यात काय, भाव चढला की बाहेर जायचे दार बंद, नाहीतर आत यायचे दार उघडे. पक्ष बदलले, टेबलावरची पेने बदलली, सहीची जागा तीच राहिली.

शरद जोशींना मानणारे माझे काही मित्र इथे मला अडवतील. म्हणतील, मास्तर, तुम्ही बांध कशाला मागता, आपण तर खुल्या बाजाराचे लोक. जोशींनी 'उणे सबसिडी' हा शब्द शिकवला तो आम्ही विसरलेलो नाही. १९७२ पासून चाललेली एकाधिकार खरेदी ज्यांनी पाहिली आहे, राज्याच्या हद्दीबाहेर आपलाच कापूस न्यायला बंदी आणि रात्री चोरासारख्या मध्य प्रदेशाकडे निघणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना सरकारी दारांबद्दल प्रेम असण्याचे कारण नाही. मलाही नाही. दोन्ही दारे कायमची उघडी टाका, निर्यातबंदी पुन्हा करणार नाही असा कायदा करा, मी ११ टक्क्यांचे नाव काढणार नाही. पण एकच दार, तेही फक्त आतल्या बाजूला उघडणारे, याला खुला बाजार म्हणायचे असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

आणि खुलेपणाचे म्हणाल तर आणखी एक ऐका. अमेरिकेतला, ब्राझीलमधला कापूस बहुतांशी तणनाशक सहन करणाऱ्या बियाण्याचा. तो ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या बंदरात विनाशुल्क उतरला. तसलेच एचटीबीटी बियाणे इथल्या माणसाने लावायचे म्हटले तर बेकायदा. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला तर गुन्हे दाखल झाले. ते बियाणे चांगले की वाईट हा वेगळा वाद, मला त्यातले फार कळत नाही. पण वाईट असेल तर त्याची रुई चांगली कशी?

गिरणीवाल्यांची बाजू मी मुद्दाम वाचून काढली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ७ तारखेपासून २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के शुल्क लावले. तिरुपूरसारख्या गावांत निर्यातीच्या मागण्या अडकल्या, हजारो मजुरांच्या पोटावर आले. बांगलादेश, व्हिएतनामवाले बाहेरचा कापूस शुल्काशिवाय घेतात, आम्ही कसे टिकायचे, असे ते म्हणतात. यात खोटे काही नाही. गिरण्यांशी माझे वैरही नाही. अकोल्याच्या सावतराम आणि मोहता मिलचे भोंगे ऐकलेली माझी पिढी आहे. गिरणी बंद पडली की गावाचे काय होते ते आम्हाला कोणी सांगायला नको.

पण निर्यातीचे कापड करायला बाहेरचा कापूस बिनशुल्क आणायची सोय आधीपासूनच आहे. तिला ॲडव्हान्स ऑथरायझेशन म्हणतात. निर्यात करून दाखवा, शुल्क भरू नका. मग सरसकट माफी देऊन फायदा कोणाचा झाला? देशातल्या देशात विकायचे कापड करणाऱ्यांचाही. दुसरे असे की आपल्याकडे कमी पिकतो तो ३२ मिलिमीटरच्या वरचा, जास्त लांब धाग्याचा कापूस. त्याच्यावरचे शुल्क फेब्रुवारी २०२४ मध्येच काढून टाकले होते आणि त्याबद्दल आमच्याकडे कोणी ब्र काढला नाही. म्हणजे ऑगस्ट २०२५ ची माफी होती ती नेमकी उरलेल्या कापसाला, जो आमच्या काळ्या मातीत येतो त्याला. २०२३-२४ मध्ये पंधरा लाख गाठींच्या आसपास असलेली आयात २०२४-२५ मध्ये चाळीस लाखांवर गेली होती, तीही मुख्यतः शुल्क असताना. म्हणजे शुल्काने दार बंद झाले नव्हते, जरा जड झाले होते इतकेच.

अमेरिकेने आपल्या कापडावर कर लावला, तर आपण उत्तरादाखल अमेरिकेच्या कापसावरचा कर काढला, हे गणित मला अजून सुटलेले नाही. ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, बारा वर्षे चिकाटीने भांडला, आणि २०१४ मध्ये तडजोड करताना अमेरिकेकडून ३० कोटी डॉलर घेतले. असो.

इतिहासही मी शिकवला आहे, त्यामुळे १८९६ साल सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८८२ मध्ये इंग्रजांनी विलायती कापडावरची जकात काढून टाकली होती. १८९४ मध्ये तिजोरीत खडखडाट झाला म्हणून ती पुन्हा बसवावी लागली. लँकेशायरचे गिरणीमालक ओरडले. मग १८९६ मध्ये तोडगा निघाला तो असा, की बाहेरच्या कापडावर साडेतीन टक्के जकात आणि हिंदुस्थानातल्या गिरण्यांनी विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी! का, तर मँचेस्टरवर अन्याय नको. वर्गात हे सांगितले की मुले हसायची, मग एखादा विचारायचा, "सर, खरंच?" टिळकांनी तेव्हाच विलायती कापडावर बहिष्काराची चळवळ उभी केली, वंगभंगाच्या नऊ वर्षे आधी. आणि १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले ते आमच्या अमरावतीला, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे, अध्यक्ष शंकरन नायर. मुंबई-नागपूर लोहमार्गाने आलेले प्रतिनिधी बडनेऱ्यालाच गाडी बदलून पुढे गेले असणार, कारण अमरावतीचा फाटा इथूनच फुटतो. तो अबकारी कर बंद व्हायला १९२५ चा डिसेंबर उजाडला.

तेव्हाचे सरकार परके होते, आजचे आपले आहे, आणि तेव्हा भांडण कापडाचे होते, आज कापसाचे. हा फरक मला कळतो. म्हणूनच तर जास्त लागते. परक्याने मँचेस्टरची बाजू घेतली हे समजू शकते. आपले सरकार पेरणीनंतर बाजू बदलते तेव्हा कोणावर बहिष्कार घालायचा?

आता शर्टाचे सांगतो, शीर्षकात घातलाय म्हणून. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. त्याने मामासाठी सुती शर्ट पाठवला. पोस्टमन दारात आला तो पार्सल आणि शुल्काची पावती घेऊन, पैसे भरा मग पार्सल घ्या. तो बिचारा नियमाचा माणूस, त्याचा काही दोष नाही. परदेशातून भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंची जुनी सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. जीवरक्षक औषधे आणि राखी एवढे सोडले तर बाकी सगळ्याला पूर्ण कर. त्यातही फक्त राखी, तिच्यासोबतची भेट नव्हे! कर भरला, तक्रार नाही. पण शर्ट उलगडला तर आत चिठ्ठी, शंभर टक्के कॉटन, व्हिएतनामला शिवलेला. मनात आले, की भाच्याने शिवलेला शर्ट न पाठवता आख्खी १७० किलोची गाठ पाठवली असती, तर ह्याच दिवसांत ती माझ्या अंगणात बिनशुल्क उतरली असती. मामीने लोकरीऐवजी सूत काढले असते.

विक्रीकराची, म्हणजे आताच्या जीएसटीची, गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो. गिरणीने बाहेरचा कापूस आणला की बंदरावर ५ टक्के जीएसटी भरते आणि पुढच्या करातून वळता करून घेते. जिनिंगवाला शेतकऱ्याकडून कापूस घेतो तेव्हा ५ टक्के तोच भरतो, आणि तोही वळते करतो. शेतकरी रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के भरतो, खतावर ५ टक्के भरतो, आणि त्याला वळते करायला पुढे कोणी नाही. साखळीत सगळ्यांच्या मागे कोणीतरी आहे, पहिल्या कडीच्या मागे फक्त काळी माती.

अमरावतीजवळ नांदगाव पेठेला पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्क व्हायचा आहे. पंतप्रधानांनी २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याहून त्याची पायाभरणी केली. शेतातून धागा, धाग्यातून कापड, कापडातून परदेश, अशी ती कल्पना, आणि कल्पना चांगली आहे. कापूस पिकतो तिथेच कापड व्हावे हे तर आमच्या आजोबांपासूनचे म्हणणे. फक्त त्या पार्कात येणारी गाठ मुंद्रा बंदरातून आली की दर्यापूरच्या जिनिंगमधून, हे ठरवणारा आकडा दरवर्षी ऑगस्टात हलणार असेल, तर दर्यापूरच्या माणसाने कशाच्या भरवशावर सरकी घ्यावी?

म्हणून मी एक निवेदन तयार करतो आहे. त्यात तीनच गोष्टी आहेत. कापसाचे आयात शुल्क हमीभावासोबत, मे महिन्यातच जाहीर व्हावे आणि पुढच्या मेपर्यंत त्याला हात लावू नये. मध्येच बदलावेच लागले तर त्या फरकाएवढी रक्कम त्या हंगामात विकलेल्या कापसावर शेतकऱ्याच्या खात्यात जमा व्हावी, पावती बाजार समितीची असो की खेडा खरेदीची. आणि निर्यातबंदीलाही हाच नियम लागू असावा. खेडा खरेदीची पावती मिळतच नाही हे मला माहीत आहे, त्यावर काय लिहावे ते सुचत नाही. ज्यांच्या घरी अजून शेती आहे, किंवा ज्यांना कायद्याची भाषा येते, त्यांनी सुचवावे. मसुदा मराठीत आहे. इंग्रजी करायचे काम पुतण्याने अंगावर घेतले आहे, साडेचार रुपयांचे गणित त्याला पटले म्हणून नव्हे, काकांचा राग उतरावा म्हणून. पण करतो आहे.